बाबांचा एसजीपीटी ३,१८० आला, मूळ दुखणं मात्र झडपेचं

पऱ्हाटीची_लेक

नमस्कार मंडळी. हा धागा पोळ्यानंतर लगेच काढायचा होता, पण हात उचलत नव्हता. परवा शेतात सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा, झाली. बाबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते, पहिल्या वेच्याचा कापूस हातात घेऊन पाहत होते. तेव्हा ठरवलं, आता लिहायचंच.

आम्ही आर्णी तालुक्यातले. सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. बाबा ५६ वर्षांचे, माळकरी. लहानपणी त्यांना सांधे सुजून ताप आला होता, त्यातून हृदयाची डावीकडची झडप अरुंद झाली. डॉक्टर तिला मायट्रल म्हणतात. अठरा वर्षांपूर्वी नागपूरला फुगा घालून ती रुंद केली होती. तेव्हापासून गोळ्या चालू. ठोके आवरायची एक, रक्त पातळ ठेवायची ॲसिट्रॉम आणि लघवीवाटे अंगातलं पाणी काढायची लॅसिक्स.

निंदण-डवरणीच्या दिवसांत लॅसिक्स घेतली की बाबांना अर्ध्या अर्ध्या तासाला आडोसा शोधावा लागायचा. वावरात बाया असतात, त्यांना लाज वाटायची. म्हणून कधी घ्यायचे, कधी नाही. घरात कुणाला पत्ता नव्हता.

श्रावणात पाय सुजले. पोट गच्च, दोन घासांत जेवण संपायचं. उजव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखं जड वाटतं म्हणायचे. मग डोळे जरासे पिवळे दिसले आणि आई म्हणाली, कावीळ झाली. शेजारच्या गावात एक जण कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात बाबांचे हात धुतले, पाणी पिवळं झालेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाला वाटून दिला. पथ्य सांगितलं ते असं: तेल-हळद बंद, उसाचा रस दिवसातून तीनदा, ग्लुकोजचं पाणी जमेल तेवढं, आणि 'इंग्रजी गरम गोळ्या' सगळ्या बंद. बाबांनी नऊ दिवस एकही गोळी घेतली नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पोरांना हृदयाची आकृती काढून दाखवते, आणि घरातली गोळ्यांची पट्टी मोजली नाही. ते अजून बोचतं.

पोळ्याला बैल सजवले, पण तोरणाखाली बाबांना उभं राहवेना. रात्री आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसले. छाती धडधडत होती. दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या पहाटे हातपाय गार, अंग घामानं ओलं, रात्रभर लघवी नाही आणि बोलणं भलतंच. मलाच 'माय' म्हणून हाक मारत होते.

१०८ आली. तालुक्याच्या एका दवाखान्यात रक्त तपासलं. लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे दोन आकडे, एसजीओटी ४,२१० आणि एसजीपीटी ३,१८०. रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न आला, "किती पितात?" आईनं बाबांच्या गळ्यातली माळ दाखवली. तरी कागदावर दारू लिहिली गेली. "लिव्हर संपलंय, घरी न्या," असं व्हरांड्यात सांगितलं. ठोके १६०, बीपी ७८ वर ५०, हे त्याच कागदावर होतं. तिथली एक सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, ठोके पाहा. यवतमाळले न्या, आत्ताच न्या." चाळीसेक किलोमीटर. त्या सिस्टरचं नाव मला माहीत नाही, पण रोज आठवण येते.

यवतमाळच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी बाबांची मान पाहिली. मानेची शीर कानापर्यंत फुगली होती. लिव्हरवर दाबलं की ती आणखी वर चढायची. ते म्हणाले, "लिव्हर उपाशी आहे. रक्त पोचत नाहीये." विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणले, ऑक्सिजन लावला, बीपीचं औषध सलाइनमधून सुरू केलं. बीपी सावरल्यावर लॅसिक्स शिरेतून दिलं. लिव्हरसाठी वेगळं एकही औषध नव्हतं. रात्री बाबा एकदम निपचित झाले, साखर पाहिली तर ४६. तीही लिव्हरमुळेच, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी एसजीपीटी १,४००, पाचव्या दिवशी ५६०, दहाव्या दिवशी ९२. पण चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उलट जास्त पिवळे झाले, बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) ५.२. आई म्हणाली, आता आशा नाही. डॉक्टर म्हणाले, पिवळेपणा मागून येतो, जातोही मागून. तसंच झालं.

नंतर नागपूरला झडप बदलली, महात्मा फुले योजनेत. लिव्हरचे रिपोर्ट आता चांगले.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हृदयाचं दुखणं लिव्हरवर इतक्या जोरानं कसं उतरतं? आणि बाबांच्या लिव्हरला कायमची इजा राहते का?

वैनगंगेचा_डॉक्टर

ताई, आधी बाबांना नमस्कार सांगा. लिव्हरला रक्त न पोचण्याच्या अशा आजारात दवाखान्यात भरती झालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्ण घरी परतत नाहीत. जातात ते बहुधा लिव्हरमुळे नव्हे, तर ज्या हृदयामुळे किंवा शॉकमुळे लिव्हर बिघडलं, त्यामुळे. मी पंचवीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात काम करतोय. हे दुखणं नजरेतून निसटताना मी पाहिलंय, सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही नजरेतून निसटलंय.

हृदय जितकं रक्त बाहेर फेकतं त्यातला जवळपास चौथा हिस्सा लिव्हरला जातो. पण त्यातलं पाऊण रक्त आतड्यांकडून येतं, म्हणजे वापरून झालेलं, ऑक्सिजन कमी असलेलं. धमनीचं ताजं रक्त उरलेलं पाव. शेताच्या भाषेत सांगायचं तर लिव्हर हे पाटाच्या शेपटाकडचं वावर आहे. वर सगळं ठीक असेल तोवर भिजतं, आणि एरवी पाणी कमी आलं तरी ते निभावून नेतं, कारण आलेल्या रक्तातला जवळजवळ सगळा ऑक्सिजन ओढून घ्यायची ताकद लिव्हरमध्ये आहे. म्हणून नुसतं बीपी थोडा वेळ पडलं तर लिव्हर सहसा मरत नाही.

मग बाबांचं का मेलं? कारण मार दोन बाजूंनी बसला. झडप अरुंद, त्यामुळे फुप्फुसांत दाब, त्यामुळे हृदयाची उजवी बाजू थकलेली. लिव्हरमधून निघणारं रक्त उजव्या बाजूलाच जातं. तिथं जागा नसली की ते लिव्हरमध्ये तुंबतं. श्रावणातला जडपणा, दोन घासांत भरणारं पोट, डोळ्यांचा हलका पिवळेपणा, हे सगळं तुंबल्याचं. त्यात गोळ्या बंद आणि वरून उसाचा रस, ग्लुकोज पाणी. आधीच ओसंडणाऱ्या विहिरीत मोटार लावून पाणी सोडल्यासारखं झालं. आणि पोळ्याच्या रात्री ठोके १६० वर गेले. झडप अरुंद असली की हृदयाला भरायलाच वेळ लागतो, इतक्या वेगात ते भरतच नाही, म्हणून पुढं फेकायला रक्त उरलं नाही. मागं तुंबलेलं, पुढून येत नाही. लिव्हरच्या प्रत्येक कणात मधल्या शिरेभोवतीच्या पेशींना सगळ्यात शेवटी ऑक्सिजन मिळतो, त्या आधी मरतात. मेलेल्या पेशींतून एसजीओटी, एसजीपीटी रक्तात सांडतात आणि एका दिवसात आकडा हजारांत जातो.

२००० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. असं लिव्हर झालेले ३१ रुग्ण एकीकडे, आणि अपघातात जखमी होऊन किमान पंधरा मिनिटं बीपी खूप खाली गेलेले ३१ दुसरीकडे. जखमींपैकी एकाचंही लिव्हर असं बिघडलं नव्हतं. पहिल्या ३१ जणांपैकी प्रत्येकाला हृदयविकार होता आणि बहुतेकांची उजवी बाजू निकामी होत आलेली. म्हणून हजारांतला एसजीपीटी दिसला की मी आधी मान पाहतो. बीपी ठीक दिसतंय म्हणूनही निश्चिंत होत नाही, कारण अशा रुग्णांपैकी निम्म्यांत ठळक शॉक नोंदलेलाच नसतो.

आता दारूचं. हे मी रागानंच लिहितोय. दारूनं सुजलेल्या लिव्हरमध्ये एसजीओटी सहसा तीनशेच्या आत असतो, पाचशेच्या वर क्वचितच जातो. चार हजारांचा आकडा पाहून दारू लिहिणं चूक आहे. हजारांत जाणाऱ्या आकड्याची कारणं मोजकी: विषाणूची कावीळ, औषधाचा किंवा विषाचा मारा (पॅरासिटामॉल जास्त पोटात जाणं त्यातच येतं), आणि लिव्हरला रक्त न पोचणं. माणूस माळकरी असो की पिणारा, आकड्याचा अर्थ बदलत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बाबांचा तो तडाखा भरून निघतो. हृदय सावरलं की लिव्हर आठ-दहा दिवसांत पूर्ववत होतं, डाग सहसा राहत नाही. मात्र वर्षानुवर्षं तुंबत राहिलं तर आत तंतू तयार होतात. तसं लिव्हर कापून पाहिलं तर जायफळासारखं दिसतं, फिकट भागात गडद लाल ठिपके. नव्या झडपेनं बाबांचा तो रस्ता बराचसा अडवलाय. अधूनमधून सोनोग्राफी करा.

तपासणी_टेबलावरून

मी यवतमाळ जिल्ह्यातच एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. ताई, एलडीएच केलं होतं का? पेशी मेल्या की रक्तात सांडणारं तेही एक द्रव्य. या प्रकारात ते भयंकर वाढतं, बरेचदा एसजीपीटीच्याही वर. विषाणूच्या काविळीत ते एवढं चढत नाही. आणि आकडे उतरायचा वेग पाहा. तिसऱ्या दिवशी निम्म्याहून खाली. विषाणूच्या काविळीत एसजीपीटी उतरायला आठवडे लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत रक्त तपासणं फार कामाचं. लोक म्हणतात, कालच तर तपासलं, परत पैसे काहून? या आजारात दुसरा रिपोर्टच खरं सांगतो.

पऱ्हाटीची_लेक

हो, एलडीएच ५,८०० होतं. किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, २.४, तेही नंतर उतरलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, २.६ होता. मी म्हटलं, तो ॲसिट्रॉममुळे असेल.

तपासणी_टेबलावरून

नऊ दिवस गोळी बंद होती ना? मग तो आकडा ॲसिट्रॉमचा नाही, लिव्हरचाच. रक्त गोठवणारे घटक लिव्हर बनवतं, ते बनवणं थांबलं होतं.

वैनगंगेचा_डॉक्टर

अगदी बरोबर. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा. ॲसिट्रॉम चालू असताना लिव्हर तुंबलं तर त्याच नेहमीच्या गोळीनं आयएनआर पाच-सहावर जातो. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच असं काही दिसलं आणि पायही सुजलेले असले तर त्याच दिवशी आयएनआर करा. गोळी मनानं बंद करणंही तितकंच धोक्याचं. अरुंद झडप आणि अनियमित ठोके असले की हृदयात गुठळी होते, ती मेंदूत गेली तर लकवा.

बोंडअळीचा_बाप

ताई, वाईट वाटलं वाचून. पण त्या कावीळवाल्याले दोष देऊन रायल्या तुमी, हे मले पटलं नाही. आमच्या गावात त्या पाल्यानं शंभर लोक बरे झाले असतील. माह्या सोताच्या पोराले दवाखान्यात काई फरक पडला नाही, पाल्यानं तीन हप्त्यात पिवळेपना गेला. गरीब मानसानं कुठं जावं मंग? दवाखान्यात तं दारूडा म्हनून लिहून घेतात, हे तुमीच सांगितलं.

पऱ्हाटीची_लेक

दादा, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी एक पैसा घेतला नाही, बाबा दवाखान्यात होते तेव्हा भेटायलाही आले. त्यांना झडपेचं आम्हीच सांगितलं नव्हतं. आणि दवाखान्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, तिथं झालेला अपमान आई विसरलेली नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याला हृदयाचं दुखणं आहे त्याची कावीळ वेगळी.

वैनगंगेचा_डॉक्टर

दादा, तुमचा मुलगा बरा झाला याचा आनंदच आहे. पोरांना होणारी कावीळ बहुतेक दूषित पाण्यातून येणाऱ्या ए विषाणूची असते, आणि ती विश्रांती नि साध्या आहारानं आपोआप उतरते, बहुधा तीन-चार आठवड्यांतच. दवाखान्यातही आम्ही तिला औषध देत नाही, म्हणूनच तुम्हाला फरक दिसला नाही. चुन्याच्या पाण्याचं म्हणाल तर हाताला आधी कशाचा रस लावला जातो ते पाहा. काही सालींचा रस चुन्याशी मिळाला की निरोगी माणसाच्या हातानंही पाणी पिवळं होतं. मी स्वतःचे हात धुवून पाहिलेत.

माझी विनंती एकच आहे. काविळीसाठी कुठंही जा, पण पाय सुजलेले, धाप लागलेली, किंवा आधी हृदयाचा आजार असलेला माणूस असेल तर भरपूर रस-पाणी प्यायला आणि गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याकडे नेऊ नका.

बोंडअळीचा_बाप

हे समजलं. माह्या मोठ्या भावाचे पाय सुजतात संध्याकाळी, त्याले दोन वर्साआधी अटॅक येऊन गेला. उद्याच घेऊन जातो.

गडचिरोलीकर

आमच्या भागात आणखी एक भानगड. सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. माझ्या बहिणीचे डोळे कायमच पिवळसर, त्यामुळे कुणी काही मनावर घेत नाही. मागच्या वर्षी पाय सुजले तेव्हाही सगळे म्हणाले, सिकलचंच आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) काढल्यावर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब जास्त निघाला. डॉक्टर, तिच्या लिव्हरलाही असा धोका आहे का?

वैनगंगेचा_डॉक्टर

हो, आहे. सिकलमध्ये डोळे पिवळे राहतात ते तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून, ते वेगळं. पण फुप्फुसांतला दाब वाढला की उजव्या बाजूवर ताण येतो, आणि मग लिव्हर तुंबण्याची तीच वाट. बहिणीचं नेहमीचं बिलिरुबिन किती असतं ते लिहून ठेवा. आकडा नेहमीपेक्षा चढला किंवा पोट-पाय सुजले तर 'सिकलचंच' म्हणून सोडू नका.

उपकेंद्राची_ताई

मी आशा आहे, दारव्ह्याकडं. धागा वाचून रडू आलं. माझ्याकडं झडपेच्या दोन पोरी आहेत, दोघींना एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन असतं. एका पोरीची आई म्हणते, आता बरी आहे, सुई काहून टोचता? मी तिला उद्या ताईंच्या बाबांची गोष्ट सांगणार आहे, नाव न घेता. घसा दुखून ताप, मग सांधे, मग झडप, आणि चाळीस वर्षांनी लिव्हर. एवढी लांबची साखळी असते हे मलाही आजच कळलं. ताई, घरी बाबांचं काय काय पाहता तुम्ही? म्हणजे मला माझ्या पेशंटना सांगता येईल.

पऱ्हाटीची_लेक

ताई, सगळ्यात मोठं काम वजनाचं. सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. आधी घरात काटा नव्हता, तर उपकेंद्रात जायचो. आता साधा घेतला. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी, अंगावर मांस एवढ्यात चढत नाही. मग फोन करायचा. नडगीवर अंगठा दाबून खड्डा राहतो का ते पाहते. रात्री किती उशा लागतात ते आई सांगते. पोळ्याच्या वेळी तीन लागत होत्या, आता एक. वर लोणचं, पापड बंद, पाणी मोजून. पाण्याचं माप डॉक्टरांनी बाबांपुरतं ठरवून दिलंय, म्हणून आकडा इथं लिहीत नाही, प्रत्येकाचा वेगळा असतो. बाबांना ठेचा सोडणं सगळ्यात जड गेलं.

आणि हातपाय गार पडणं, लघवी बंद होणं, बोलणं बरळल्यासारखं होणं, या तिन्हीपैकी एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, १०८.

वर्धेकाठचा

सगळं वाचलं. माझ्या वडिलांनाही लॅसिक्स आहे, एसटीनं वर्ध्याला जायचं असलं की ते गोळी टाळतात. ओरडून काही उपयोग होत नाही. तुमच्या बाबांनी हा प्रश्न कसा सोडवला?

पऱ्हाटीची_लेक

मीही आधी ओरडायचेच. मग दवाखान्यातल्या डॉक्टरांना सरळ सांगितलं की बाबांना वावरात लाज वाटते, म्हणून चुकवतात. ते म्हणाले, हे आधी का नाही सांगितलं, वेळ बदलता येते. गोळीचा जोर तोंडानं घेतल्यावर साधारण सहा तास असतो, त्यातही पहिले दोन-तीन तास जास्त. म्हणून बाबा आता पहाटे पाचला घेतात आणि नऊ-साडेनऊपर्यंत बरेचसे मोकळे होतात, मग वावरात. ज्या दिवशी यवतमाळला तपासणी असते त्या दिवशी परत आल्यावर, दुपारी चारला. चारच्या पुढं नको म्हणाले, नाहीतर रात्रभर उठावं लागतं. वडिलांची वेळ मात्र त्यांच्याच डॉक्टरांना विचारून बदला. भावानं धुऱ्यावर चार पत्रे ठोकून आडोसाही केलाय. आता बाया पण तोच वापरतात.